साजगावच्या हंड्यांचा दावा

मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १८१५. खालापूर

आज पहिले खरे पक्षकार आले. सनद घेऊन इथे पाटी लावल्यापासून या ओटीवर जो येतो तो पाणी मागायला, नाहीतर सुलेमानभाईंना भाताचा भाव विचारायला. सुलेमानभाई माझे घरमालक. अर्ध्या ओटीवर त्यांची भाताची पोती, अर्ध्या ओटीवर मी आणि माझा कायदा. पोत्यांना जास्त मान आहे.

आलेली बाई साजगावची. भागूबाई नाव, नवरा वारलेला. सोबत धाकटा दीर हिरामण. त्याला बोलायला म्हणून आणले असावे, पण त्याने घसा खाकरेपर्यंत बाईने विचारलेसुद्धा, "वकीलसाहेब, गावची भांडी एकाची होतात का?"

हकिकत अशी. साजगावात गावाच्या मालकीचे तांब्याचे मोठे हंडे, कढया आणि पराती आहेत. आजे-पणज्यांनी घरोघरचे मोडीचे तांबे गोळा करून ती घडवून घेतली. कुणाचेही लग्न असो की तेरावे, रांधायला तीच भांडी. येसाजी म्हणून गावचा पुढारी आहे, त्याचे घर गावाच्या मधोमध आणि पडवी कोरडी, म्हणून त्याच्या बापापासून भांडी त्याच्याकडे सांभाळायला. गेली दोन वर्षे तो ती घाटातल्या एका कंत्राटदाराच्या खानावळीला भाड्याने देतो आणि भाडे स्वतः खातो. भागूबाईने देवळात चारचौघांत याचा जाब विचारला. तेव्हा तो म्हणाला, भांडी माझ्या घरची आहेत, मी देईन त्याला मिळतील, आणि या बाईला तर मिळणारच नाहीत.

वैशाखात तिच्या मुलीचे, मैनेचे, लग्न आहे. मुलगा कोंडाण्याचा.

मी शहाणपणाने म्हणालो, खोपोलीहून भाड्याने भांडी आणा. बाईने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझी पाटी उतरवून ठेवावीशी वाटली.

"साहेब, ज्या घरी गावचा हंडा चढत नाय, ते घर गावातलं नाय. भाड्याच्या हंड्यातलं जेवायला गाव उठून येणार नाय. मग मैनीच्या सासरचे इचारतील, तुमाला गावानं टाकलंय का? काय सांगू मी?"

मग मात्र माझी कळी खुलली. त्यांना समजावले, की विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वस्तूचा राखणदार तिचा मालक कधीच होऊ शकत नाही. तिच्यावर त्याने एक कवडी कमावली तरी ती ज्यांची वस्तू त्यांची. विलायतेत यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, आपल्याकडेही विश्वस्तांचा कायदा झाला आहे. मी बराच वेळ बोललो. पोत्यांपलीकडून सुलेमानभाई म्हणाले, "एवढं कशाला? अमानत राखायला असते, खायला नाय. झालं."

कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय. दावा घेतला.

मार्गशीर्ष वद्य ४

साजगावास जाऊन आलो. पुरावा म्हणाल तर शून्य. भांडी कुणी घडवली ते सगळे वर गेले. त्यांच्यावर गावाचे नाव नाही, कुठे कागद नाही. येसाजीच्या पडवीत पन्नास वर्षे आहेत, आणि ज्याच्या घरात वस्तू त्याची ती, असे कोर्टाला सहज वाटेल.

म्हातारे लोक भेटले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी विचारतो साक्षीचे, ते सांगतात रीतिरिवाज. लग्नघरातल्या वडीलधाऱ्या बाईने नारळ-सुपारी घेऊन गावाकडे भांडी मागायची, मग गावातल्या कुणीतरी हंड्यावर हात ठेवून 'ने' म्हणायचे, त्याशिवाय हंडा चुलीवर चढत नाही, चढला तर नवरानवरीचे धड होत नाही, वगैरे. एक आजोबा तर 'ने' कशा सुरात म्हणतात ते तीनतीनदा करून दाखवत होते. मी मान डोलावली आणि लिहून काही घेतले नाही. मुन्सफांपुढे सूर काढून दाखवू की काय?

येसाजीही दिसला. साठीचा, भरदार, बोलायला गोड. म्हणाला, "या वकीलसाहेब, च्या घ्या. भांडी बघायचीत? बघा." बघितली. चिंचेने घासून लखलखीत ठेवली होती. चोराने चोरीच्या मालाची इतकी निगा राखलेली मी पाहिली नव्हती. पडवीच्या दाराशी त्याची आई अंबाबाई बसली होती, पार वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. मला विचारले, "तू भागीचा वकील का रं?" मी हो म्हणालो. तिने चहात आणखी गूळ घातला. यात काय डाव होता ते कळले नाही.

पौष शुद्ध ६

दावा पनवेलच्या कोर्टात दाखल केला. वादी भागूबाई व हिरामण, सर्व गावाच्या वतीने. अर्ज मी इतका सुंदर लिहिला आहे, की तो वाचूनच येसाजीने भांडी आणून द्यावीत.

पौष वद्य १०

त्याने भांडी आणून दिली नाहीत. उलट पनवेलचे सगळ्यांत मुरलेले वकील दिले आहेत. ते मला कोर्टाच्या पायरीवर भेटले आणि 'बाळ' म्हणाले.

साक्षीदारांचे तर विचारूच नका. सहा जणांनी कबूल केले होते. एकाला ताप आला, एकाची म्हैस व्यायली, दोघे मुलीकडे गेले आणि उरलेल्या दोघांना काही आठवेनासे झाले. सगळे येसाजीला भितात असे हिरामण म्हणतो. हिरामण स्वतःही भितो, पण त्याला वहिनीची भीती जास्त, म्हणून तो टिकून आहे.

पेणेहून वडिलांचा, अण्णांचा, पुन्हा तोच निरोप आला की कचेरीत कारकुनाची जागा रिकामी आहे. आज प्रथमच मी तो निरोप आणणाऱ्याला 'कळवतो' म्हणालो. दावा हरलो तर मी कारकुनी करीन, माझे काही अडत नाही. पण त्या बाईचे काय? परवा ती ओटीवर येऊन गेली. मी म्हणालो, कायदा आपल्या बाजूने आहे. ती म्हणाली, "कायदा हाय हो. गाव पन पायजे." मला थोडा रागच आला. माझ्यावर विश्वास नाही असे दिसते.

माघ शुद्ध ९

आज मी भागूबाईचा दावा सोडून देण्याच्या बेतात आहे.

येसाजीच्या मुलाचे, विठूचे, परवा लग्न. नवरी कुंभिवलीची. अर्थात भांडी त्याच्या घरातच, मोठे रांधप होणार. सकाळी हिरामण धापा टाकत आला. म्हणाला, घात झाला, काल दुपारी अंबाबाई काठी टेकत वहिनीच्या दारी आली होती. पदराखाली नारळ होता. येसाजी घरी नाही असे बघून आली. दोघी आत बसून काहीतरी बोलल्या, वहिनीने नारळ ठेवून घेतला आणि म्हातारीला अंगणापर्यंत हात धरून पोचवले.

पक्षकाराने विरुद्ध पक्षाची भेट घ्यायची, ती वकिलाला न विचारता, आणि वर त्यांच्याकडून वस्तू घ्यायची. मी तडक साजगाव गाठले. भागूबाई भात कांडत होती. थांबलीसुद्धा नाही.

"नारळ घेतलात?"

"घेतला."

"का?"

"लग्नघरातनं नारळ आला. परत धाडायचा असतो का?"

मी म्हणालो, बाई, हा आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे. उद्या ते कोर्टात सांगतील की आपसात मिटले. ती म्हणाली, "मिटलं कुटं? मी फक्त ने म्हनले." मी म्हणालो, काय ने? तिने मुसळ खाली ठेवले आणि माझ्याकडे दमल्यासारखे पाहिले. म्हणाली, "साहेब, तुमी घरी जावा. ऊन लागलंय तुमाला."

ऊन लागले नव्हते. संताप लागला होता. ज्या माणसाने तिच्या मुलीचे लग्न अडवले त्याच्या आईशी ही बाई गोडीगुलाबी करते, आणि मी हिच्यासाठी पनवेलला हेलपाटे घालतो. उद्या वकीलपत्र परत करणार.

माघ शुद्ध १०

मी गाढव आहे. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मान फार वर गेली तर उघडून वाचता येईल.

वकीलपत्र परत करायला निघालो. छत्री सुलेमानभाईंच्या माजघरात खुंटीवर होती ती काढली. आतून त्यांच्या घरच्या खतीजाबी म्हणाल्या, "कोण नेतंय छत्री?" मी तोऱ्यात म्हणालो, "माझीच आहे. माझी छत्री न्यायला मी कुणाला विचारू?"

आणि तिथेच छत्री हातात धरून उभा राहिलो. खतीजाबींना वाटले मला झीट आली. त्यांनी पाणी आणले.

आपली वस्तू न्यायला कुणी विचारत नाही. अंबाबाईने विचारले. येसाजीच्या आईने, येसाजीच्या पडवीतले हंडे येसाजीच्या मुलाच्या लग्नाला वापरण्यासाठी, गावाकडे नारळ घेऊन जाऊन मागितले. दाव्यामुळे येसाजीने मागायला मनाई केली असणार, मागितले की हंडे गावाचे ठरतात हे त्याच्या वकिलांनी त्याला सांगितले असणार. पण न मागता हंडा चुलीवर चढला तर नातवाचे बरे होणार नाही, म्हणून म्हातारी चोरून आली. आणि भागूबाईने हंड्याऐवजी तिच्या हातावर हात ठेवला असेल नि म्हटले असेल, ने. सगळ्या गावाने मला दोन महिन्यांपूर्वी हेच सांगितले होते, सुरासकट.

धावत साजगावास गेलो. वकीलपत्राबद्दल अर्थातच अवाक्षर काढले नाही. म्हणालो, भागूबाई, जिंकलो. अंबाबाईला साक्षीला बोलावतो.

ती म्हणाली, "नाय."

मी पुष्कळ सांगितले. दावा, मैनेचे लग्न, कोंडाण्याचे लोक. तिचे उत्तर ठरलेले. "म्हातारी लेकाच्या चोरून आली माज्याकडं. इस्वासानं आली. तिला लेकासमोर पिंजऱ्यात उभी करू? मग येसाजीत आन माज्यात फरक काय राहिला, तुमीच सांगा."

विश्वासाचा कायदा मी तिला शिकवला होता, तो ती मलाच ऐकवत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मैनीचं मोडलं तरी चालंल, हे नको." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिला किती भीती वाटते आहे ते मला आज पहिल्यांदा दिसले.

फाल्गुन शुद्ध २

एक उपाय सुचतो आहे. म्हातारीचे नाव न घेता फक्त येसाजीला विचारायचे, लग्नाला हंडे मागितले होते का. त्याला नारळाची गोष्ट ठाऊक नाही. तो काय उत्तर देईल? 'मागितले नाहीत' असे सरळ म्हणाला तर आपला दावा बुडाला. हात दाखवून अवलक्षण. पण तसे म्हणायला त्याची जीभ उचलेल का? सुलेमानभाईंना विचारले. ते म्हणाले, "देवाला भितो का तो?" मी म्हणालो, भांडी बघून तरी भितो असे वाटले. ते म्हणाले, "मग इचार. नायतर पेणेला जा."

फाल्गुन शुद्ध १३. पनवेल

कोर्टातून येताच लिहायला बसलो आहे.

अर्धे साजगाव बैलगाड्या जोडून कोर्टात आले होते. साक्ष द्यायला नव्हे, बघायला. कुंभिवलीचे विठूचे सासरे आणि त्यांचे भाऊबंदही होते. सगळ्यांत मागे भिंतीला टेकून अंबाबाई. लेकाच्या गाडीतूनच आली होती.

येसाजीने शपथ घेतली आणि छान साक्ष दिली. भांडी बापाने घेतली, मी सांभाळली, गावाला दिली ती माझी मेहेरबानी. त्याचे वकील मंद हसत बसले. मग मी उठलो.

"माघात तुमच्या विठूचे लग्न झाले?"

"झालं."

"जेवण याच हंड्यांत शिजले?"

"मग? घरचे हंडे असताना दुसऱ्याचे कशाला?"

"साजगावात हंडा चढवण्यापूर्वी तो गावाकडे मागतात. विठूच्या लग्नात हंडे मागून चढवले, की न मागता?"

त्याचे वकील उठले, प्रश्न गैरलागू आहे म्हणाले. मुन्सफसाहेबांनी त्यांना खाली बसवले आणि येसाजीला म्हणाले, उत्तर द्या.

येसाजीने तोंड उघडले. मग त्याची नजर व्याह्यांकडे गेली. कुंभिवलीचे लोक पुढे वाकून ऐकत होते. मागितले म्हणावे तर हंडे गेले. न मागता चढवले म्हणावे तर देवासमोर शपथेवर, व्याह्यांच्या देखत, आपल्याच मुलाच्या लग्नाला दोष लावला. त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. मला त्याची कीव आली, हे खरे सांगतो, पण मी प्रश्न मागे घेतला नाही.

"बोला," मुन्सफ म्हणाले.

तो बोलेना. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"मागितले, सायेब. माज्या नातवाच्या लग्नाला दोष नाय. मी मागितले."

अंबाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. लोक बाजूला झाले. येसाजी म्हणाला, "आये, तू गप." ती म्हणाली, "तू गप रं. तुज्यानं बोलवंना म्हनून मी बोलते."

मुन्सफसाहेबांनी तिला शपथ घ्यायला लावली, बसायला स्टूल दिले. ती बसली नाही. म्हणाली, "मी ह्या घरात सून म्हनून आले तवा माज्या सासूनं गावाकडं मागितले. येसाजीच्या लग्नात मी मागितले. आता ह्यानं मना केलं, म्हनून चोरून गेले, भागीला नारळ दिला. तिनं एक अक्षर वाकडं न बोलता ने म्हनलं. तिच्या लेकीचं आमी अडवलं, तरी ने म्हनलं. आमच्या पडवीत हायत म्हनून आमचे कसे होतील? देव आमच्या आळीत हाय, म्हनून तो आमचा एकट्याचा का?"

मग ती येसाजीकडे वळली. "तुज्या बापाला गावानं इस्वासानं दिले. तो मरताना मला म्हनला, नीट ठेव. तुला नाय का सांगितलं मी?"

येसाजीने मान खाली घातली आणि म्हणाला, "सांगितलंस."

मुन्सफसाहेबांनी ते दोन्ही शब्दशः लिहून घेतले. मला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, फार चांगला होता, पण तो गिळला. बाहेर आल्यावर त्याचे वकील माझ्याजवळ थांबले. या वेळी 'वकीलसाहेब' म्हणाले.

भागूबाई जांभळीखाली अंबाबाईला आपल्या फडक्यातली भाकरी मोडून देत होती. मी जवळ गेलो तर दोघींनी मलाही तुकडा दिला. इतकी गोड भाकरी मी खाल्ली नव्हती.

चैत्र शुद्ध १२, शके १८१६

निकाल. भांडी साजगावच्या समस्त गावाची. येसाजी केवळ विश्वस्त होता, त्याने विश्वासाचा भंग केला, सबब तो दूर. भाड्याचे जे घेतले ते गावाला परत. माझ्या अर्जातले एक वाक्य मुन्सफसाहेबांनी जसेच्या तसे घेतले आहे. मी ते सुलेमानभाईंना दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी पोती मोजायला घेतली.

गावाने देवळात बसून नवा राखणदार नेमला. भागूबाई. ती नको नको म्हणाली, पण हिरामण पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "वहिनीच पायजे," आणि सगळे हो म्हणाले. ज्यांना ताप आला होता, ज्यांची म्हैस व्यायली होती, तेही. माणसे अशीच असतात. आज मला कुणाचाच राग येत नाही. भाड्याचे पैसे घेऊन भांड्यांना नवी कल्हई करायचे ठरले.

पेणेस कळवले, जागा दुसऱ्या कुणाला द्या. काल दोन नवे पक्षकार आले. आता सुलेमानभाईंना पोती हलवावी लागणार.

वैशाख शुद्ध ७. साजगाव

मैनेचे लग्न. मला खास आमंत्रण होते, फेट्यासह; सुलेमानभाईही सोबत आले.

सकाळी मागणीचा विधी. भागूबाई आता राखणदार, भांडी तिच्याच घरात, तरी तिला मागावे लागले. हंडे बाहेर काढून देवळासमोर ओळीने मांडले. तिने नारळ-सुपारी ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "गावा, माज्या लेकीचं लगीन हाय. हंडे द्या."

अंबाबाईला आधीच पुढे बसवले होते, तीच 'ने' म्हणेल असे सगळ्यांना वाटत होते. पण ती हलली नाही. तिने नुसते मागे पाहिले. मागे, लोकांच्या पाठी, येसाजी उभा होता. निकालापासून तो कुठल्या बैठकीला आला नव्हता. आईने बोलावून आणला असणार.

कोंडाण्याची वऱ्हाडी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. भागूबाई हात जोडून तशीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ती भीती मला दिसली. मी पुढे व्हायच्या बेतात होतो. कशाला, देव जाणे. सुलेमानभाईंनी माझा कोट धरून मला मागे ओढले.

येसाजी गर्दीतून पुढे आला. सगळ्यांत मोठ्या हंड्यापाशी वाकला, त्याच्या काठावरून बोट फिरवून कल्हई पाहिली. मग पसरलेला हात हंड्यावर ठेवला.

"ने, भागू," तो म्हणाला. "आन जाळ डाव्या अंगानं कमी ठेव. हा हंडा उजवीकडनं जाड हाय, डावीकडं भात करपतो. तुला कुणी सांगितलं नसंल."

"नाय सांगितलं, दादा," भागूबाई म्हणाली. "तुमीच बसा चुलीपाशी."

तो बसला. दुपारपर्यंत धुरात डोळे पुसत त्याने स्वतः जाळ राखला, आणि भात कुठेही करपला नाही. सगळे गाव जेवले, कोंडाण्याचे लोक जेवले. मी तीनदा भात घेतला आणि कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून रडलो.